पाय कधी मोकळा असतो? स्टील गिटार, पेडलबोर्ड आणि जागेचा प्रश्न



गेल्या वेळी आपण हायडेगरचा हातोडा पाहिला. हातोडा नीट चालत असतो तोवर सुताराचे लक्ष हातोड्याकडे नसते, खिळ्याकडे असते. दांडा सैल झाला की हातोडा एकदम 'दिसायला' लागतो. व्याख्यानानंतर काही जण म्हणाले, सर, हे १९२७ सालचे उदाहरण झाले, जरा आमच्या काळातले सांगा. म्हणून आज एक वाद्य घेऊन आलो आहोत. प्रत्यक्ष नव्हे बरं का, त्याचे वजन आम्हाला आता उचलत नाही!

आमचा भाचा अमेरिकेत टेनेसी राज्यात असतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी एका बँडमध्ये पेडल स्टील गिटार वाजवतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो जरा खट्टू होता. त्याने हौसेने पाच-सहा इफेक्ट पेडल घेतली होती. ओव्हरड्राइव्ह, डिले, रिव्हर्ब वगैरे. ती सगळी एका फळीवर बसवून ती फळी, म्हणजे पेडलबोर्ड, उजव्या पायाशी जमिनीवर ठेवली होती. गाण्याचे धृपद आले की पाय उचलून बटण दाबायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी सूर बिघडायचा. बँडवाले म्हणाले, तुझे इफेक्ट घरी ठेवून ये. वर कंबर धरली होती ती वेगळीच. आम्हाला म्हणाला, "मामा, नुसतं साधं वाजवावं म्हणतो. हे आपल्याला जमणारं नाही." ज्या आवाजाच्या मागे तो तीन वर्षे होता, तो आवाजच तो सोडायला निघाला होता. कशासाठी? फळी कुठे ठेवावी हे ठरत नव्हते म्हणून.

आता ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या पिढीला हवाईयन गिटार माहीत आहे. रेडिओवर व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी आपण कितीतरी ऐकली. गिटार आडवी ठेवायची, तारा पडद्यांवर न दाबता वरून पोलादी सळई सरकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजलेली ही पद्धत. पुढे अमेरिकेत या गिटारीला पाय आले, विजेचे पिकअप आले, आणि पायाने दाबायची पेडल आली. तार वाजत असतानाच पेडल दाबायचे, म्हणजे तिचा ताण बदलतो आणि स्वर वर चढतो. १९५४ साली गाजलेल्या वेब पीअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने ही करामत ऐकवली आणि नॅशव्हिलमध्ये प्रत्येकाला ती हवीशी झाली.

आज या वाद्यावर साधारण दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच लीव्हर असतात. वादक खुर्चीवर बसतो. डाव्या हातात पाव किलोच्या आसपास वजनाची सळई. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डावा पाय पेडलांवर. दोन्ही गुडघे लीव्हरांच्या मध्ये. आणि उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. हे व्हॉल्यूम पेडल नुसते आवाज लहान-मोठा करण्यासाठी नसते. छेडलेली तार विझत जाते, तसतसा वादक पेडल हळूहळू पुढे रेटतो. म्हणून स्वर न विझता लांबत जातो. ती जी प्रसिद्ध हुरहूर लावणारी ओढ आहे ना, ती निम्मी उजव्या पायात असते.

म्हणजे बघा, दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सहाही कामाला लागलेले. साध्या गिटारीचा वादक उभा असतो, त्याचे दोन्ही पाय मोकळे. त्याने पेडलबोर्ड पायाशी ठेवला तर ते बरोबरच आहे. भाच्याने तीच रीत उचलली, आणि चूक तिथेच झाली. त्याने मोकळी जागा शोधली. शोधायला हवा होता मोकळा अवयव, आणि तोही कोणत्या क्षणी मोकळा असतो ते.

आम्ही दोघे दोन संध्याकाळ बसलो. तो वाजवायचा आणि आम्ही वहीत एकेका अवयवाचा हिशेब मांडायचो. काय दिसले ते सांगतो.

उजवा पाय. तो व्हॉल्यूम पेडलवरून उचलला की पेडल आहे तिथेच राहते आणि लांबवत आणलेला स्वर विझायला लागतो. शिवाय पाय उजवीकडे नेला की गुडघाही उजवीकडे जातो, आणि तिथे तर लीव्हर आहे! गुडघा त्याला लागला की स्वर बदलतो. भाच्याचा सूर बिघडत होता तो असा. त्याला वाटत होते आपली सळई हलते.

डावा पाय. या वाद्याच्या नेहमीच्या जुळणीत पहिली दोन पेडल एकत्र दाबली की सगळा स्वरमेळ मूळ कॉर्डवरून चौथ्या स्वराच्या कॉर्डवर जातो. पाय उचलला की कॉर्ड आपोआप घरी परत येते. म्हणजे डावा पाय मोकळा असतो, पण फक्त मूळ कॉर्डवर असताना. त्या वेळी डावीकडे एखादे बटण असेल तर ते दाबता येते.

डावा हात. सळई उचलली की तारा उघड्या पडतात. तेव्हा दोन ओळींच्या मधल्या विश्रांतीतच तो मोकळा.

आणि उजवा हात. तो छेडतो, आणि मग? स्वर लांब असेल तर सळई आणि व्हॉल्यूम पेडल तो सांभाळतात. उजव्या हाताला पुढच्या छेडीपर्यंत, किंवा तळहाताच्या कडेने तारा थांबवेपर्यंत काही काम नसते. एक-दोन सेकंद, पण पुष्कळ झाले.

तेव्हा बोर्डाची पहिली जागा ठरली : वादकाच्या उजव्या हाताला, गिटारीच्या उंचीच्या किंचित खाली, स्टँडवर. माइक स्टँडवर बसणारा ट्रे चालतो, किंवा गिटारीच्या पायाला पकडीने बसवलेली छोटी फळी. मात्र स्टँड घट्ट हवा. पेडलांची बटणे बुटाने दाबण्यासाठी केलेली असतात, ती कडक असतात. नख्या घातलेल्या बोटांनी दाबायला गेलात तर नखी घसरते. तळहाताच्या टाचेने दाबावीत. ज्यांची घुंडी फिरवायची ती पेडल हाताच्या जवळ, ज्यांना लावून विसरून जायचे, उदाहरणार्थ रिव्हर्ब, ती मागे, अगदी अँप्लिफायरवर ठेवली तरी चालतात.

दुसरी जागा : एकच बटण, फार तर दोन, जमिनीवर डाव्या पेडलांच्या डावीकडे. त्यापेक्षा जास्त नकोत. सगळा बोर्ड पायाशी ठेवला की कमरेतून वळावे लागते, आणि कंबर काही आपल्या सोयीने दुखत नाही.

आता वायरींचे थोडे, कारण जागा बदलली की वायर बदलते. ओव्हरड्राइव्ह व्हॉल्यूम पेडलच्या आधी जोडावा, म्हणजे पाय मागे घेतला तरी आवाजाचा पोत तसाच राहतो. डिले आणि रिव्हर्ब नंतर जोडावेत, नाहीतर पाय मागे घेताच प्रतिध्वनीची शेपटीही तुटते. म्हणजे वायर बोर्डावरून खाली व्हॉल्यूम पेडलकडे आणि पुन्हा वर अशी जाणार. लांब वायरीत तार स्वराची धार बोथट होते, म्हणून वायरी आखूड ठेवाव्यात आणि सुरुवातीला एक बफर लावावा. आणखी एक गंमत : पिकअपसुद्धा उजव्याच टोकाला असतो. बोर्डाचा वीजपुरवठा त्याच्या जवळ आला की गुणगुण सुरू होते. तेव्हा पेडल वर, पण वीजपुरवठ्याची पेटी खाली जमिनीवर, लांब.

या प्रश्नाची उत्तरे पूर्वी किती निराळी निघाली पाहा. नॅशव्हिलचा पीट ड्रेक. याने १९६४ साली 'फॉरएव्हर' या ध्वनिमुद्रिकेत गिटार बोलकी केली. गिटारीचा आवाज एका नळीतून स्वतःच्या तोंडात आणायचा, ओठांनी त्याला शब्दांचा आकार द्यायचा आणि तो माइकने टिपायचा. सहा अवयव अडकलेले, सातवा मोकळा होता : तोंड. त्याच्याही आधी आल्व्हिनो रे याने बोलकी स्टील गिटार केली होती. त्यात त्याची पत्नी लुईस किंग पडद्याआड उभी राहून गळ्याला लावलेल्या माइकच्या मदतीने शब्दांचे आकार देत असे. स्वतःचा अवयव मोकळा नाही, तर दुसऱ्याचा घेतला!

मेर्लो-पोंती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ सालच्या ग्रंथात चर्चमधल्या ऑर्गनवादकाचे उदाहरण दिले आहे. अनोळखी ऑर्गन, कळा वेगळ्या, खटके वेगळ्या जागी. पण तासाभराच्या सरावात तो तयार होतो. तो खटक्यांच्या जागा पाठ करत नाही, बाकावर बसतो, हात-पाय चालवतो आणि वाद्य शरीरात सामावून घेतो. आम्ही वर्गात हे चाळीस वर्षे शिकवले. पण एक गोष्ट आम्हाला भाच्याच्या घरीच कळली. शरीर वाद्य सामावून घेते हे खरे, मात्र काहीही सामावून घेत नाही. ऑर्गन बांधणाऱ्यांनी खटके आधीच कळांच्या शेजारी, अंगठ्याच्या टप्प्यात ठेवलेले असतात. चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू सरावाने अंगवळणी पडतेच असे नाही. कधी कधी फक्त दुखणे अंगवळणी पडते. आणि माणूस म्हणतो, मलाच जमत नाही.

घरी करून पाहण्यासारखा उपाय सांगतो. काही विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे पेडलांच्या मापाचे कापा आणि जिथे पेडल ठेवायचे तिथे चिकटवा. वीज बंद. आपले नेहमीचे गाणे पूर्ण वाजवा आणि योग्य जागी पुठ्ठा दाबा. कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, आणि स्वर तुटला कुठे, खांदा वर गेला कुठे, मान वळली कुठे ते पाहा. तिथला पुठ्ठा हलवा. खाली खुणेला चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे दुसऱ्या मंचावर मांडणी तीच राहील.

मांडीवर लॅप स्टील घेऊन वाजवणाऱ्यांनीही हे करावे. आम्ही स्वतः कॉलेजात असताना अशीच गिटार वाजवायचो. पाय मोकळे दिसतात, पण पाऊल उचलले की मांडी हलते, गिटार कलते आणि सळई स्वरावरून घसरते. टाच टेकलेली ठेवून नुसत्या चवड्याने दाबता येईल इतक्या जवळ बटण हवे. आणि भारतीय बैठकीत मांडी घालून वाजवणाऱ्याला तर पाय नाहीतच असे समजा; बोर्ड उजव्या गुडघ्याशेजारी, हाताला लागेल असा.

भाच्याचे काय झाले? सहापैकी तीन पेडल त्याने कपाटात ठेवली, दोन उजव्या हाताशी आणि एक बटण डाव्या पायाशी. धृपदाच्या आधीच्या लांब स्वरावर त्याचा उजवा हात आता सहज बाजूला जातो आणि परत येतो. मागच्या महिन्यात आम्ही फोनवर विचारले, "अरे, बोर्ड कुठे ठेवतोस हल्ली?" तर त्याला क्षणभर आठवेनाच. म्हणाला, "थांबा मामा, बघून सांगतो."

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.