नाताळात बघावा असा एक विसरलेला युद्धपट

नाताळ आला की टीव्हीवर ‘होम अलोन’ ठरलेलाच. यंदा मात्र एक रात्र ‘अ मिडनाइट क्लिअर’साठी राखून ठेवा. डिसेंबर १९४४, आर्देनचं बर्फाळ जंगल, एक ओसाड हवेली आणि तिच्यात मुक्कामाला पाठवलेले सहा अमेरिकन सैनिक. तुकडीत आधी बारा जण होते, निम्मे आधीच गेले!

ही पोरं साधीसुधी नाहीत. बुद्धिमत्ता चाचणीत अव्वल ठरली म्हणून त्यांना टेहळणीच्या तुकडीत घातलंय. खऱ्या युद्धातही अमेरिकी सैन्याने हुशार मुलांना कॉलेजात पाठवायची योजना आखली होती. १९४४मध्ये माणसं कमी पडू लागल्यावर ती बव्हंशी गुंडाळली आणि हजारो मुलांची रवानगी थेट पायदळात केली.

टोपणनावंही झकास. सगळ्यांची काळजी वाहणारा ‘मदर’, पाद्री व्हायला निघालेला ‘फादर’. म्हणजे तुकडीत आई-बाप दोन्ही हजर!

आता या सिनेमाचा खरा ठेवा. रात्रीच्या पहाऱ्यावर समोरच्या जर्मनांकडून काहीतरी भिरभिरत येतं. हातबाँब समजून आपली पोरं गारठतात, आणि निघतो काय, तर बर्फाचा गोळा! मग दोन्हीकडून गोळाफेक रंगते. पुढे ते जर्मन सजवलेलं नाताळचं झाड घेऊन येतात, गाणी होतात, भेटींची देवाणघेवाण होते. त्यांना शरण यायचंय, पण मायदेशी कुटुंबांवर संकट नको म्हणून खोटी चकमक घडवायचा बेत शिजतो. बोलणी कोण करतं? तुकडीतला ज्यू सैनिक. हिटलरच्या सैन्याशी! मला तरी युद्धपटांतला यापेक्षा धाडसी प्रसंग आठवत नाही. बेताचं पुढे काय होतं, ते इथे सांगणार नाही.

मूळ कादंबरी विल्यम व्हॉर्टनची, १९८२ची. हे टोपणनाव, माणूस पेशाने चित्रकार. स्वतः आर्देनच्याच लढाईत पायदळात होता आणि जखमी झाला होता. पहिली कादंबरी ‘बर्डी’ छापून आली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती.

दिग्दर्शक कीथ गॉर्डन स्वतः नट. ‘क्रिस्टीन’मध्ये झपाटलेल्या मोटारीच्या प्रेमात पडलेला पोरगा, तोच हा. आर्देनचा बर्फ त्याला सापडला अमेरिकेतल्या युटा राज्यात. नटसंच तर बघाच: तरुण ईथन हॉक, ‘फॉरेस्ट गम्प’मधला लेफ्टनंट डॅन होण्याआधीचा गॅरी सिनीस, आणि पुढे ‘लोन सर्व्हायव्हर’ दिग्दर्शित करणारा पीटर बर्ग.

नाव घेतलंय १८४९च्या एका नाताळगीतावरून. ते लिहिणाऱ्या एडमंड सीअर्स या धर्मोपदेशकाची तक्रारच ही की, माणसांच्या लढायांच्या गोंगाटात देवदूतांचं गाणं कुणाला ऐकू येत नाही. सिनेमाला इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं.

मग विसरला का गेला? नाताळचा सिनेमा लागला एप्रिल १९९२मध्ये! अमेरिकेत कमाई जेमतेम पंधरा लाख डॉलर. समीक्षकांनी वाखाणला, प्रेक्षक फिरकलेच नाहीत.

सुरुवात संथ वाटेल, उठू नका. बर्फात उभ्या उभ्या गोठलेले, नाचत असल्यासारखे एकमेकांना बिलगलेले दोन शत्रुसैनिक दिसतील आणि तुम्ही खिळून बसाल. लहान मुलांना मात्र आधी झोपवा. हा मोठ्यांचाच सिनेमा आहे.