फाइलीच्या दोन बाजू

बँकेच्या नोकरीतल्या अडतीस वर्षांत मी माणसांपेक्षा फाइलीच जास्त पाहिल्या. खाकी पुठ्ठा, दोन भोकं आणि त्यातून ओवलेला हिरवा टॅग. आतल्या कागदांना किंमत, वरच्या पुठ्ठ्याला शून्य. या पुठ्ठ्यावरून देशोदेशींचे वकील भांडतात आणि त्या भांडणात आपलीही सही कुठेतरी असते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. पण त्याआधी याच कागदापायी मी एक जुना मित्र जवळजवळ गमावला होता.

आम्ही सगळे त्याला 'बाइंडर' म्हणतो. महालातल्या एका गल्लीत त्याचं दुकान आहे. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक कटिंग मशीन, पुठ्ठ्याला घडीची रेघ पाडणारं एक यंत्र, खळीचं पातेलं आणि पाच-सहा बाया. शाळेपासूनची आमची मैत्री.

दुसरे माझे मेहुणे. त्यांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीत उमेदीची वर्षं घालवली. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी बल्लारशाला आली, की झोपेतसुद्धा कळायचं. गिरणीचा तो उग्र वास! १९४५ साली बल्लारपूर स्ट्रॉ बोर्ड मिल्स या नावानं कंपनी सुरू झाली, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिथे येऊ लागला आणि वर्धा नदीकाठच्या त्या गावाचं नावच वह्यांवर, रिमांवर देशभर गेलं. मेहुण्यांना त्या वासाचाही अभिमान होता.

२०१८ च्या हिवाळ्यात आमच्याकडे भरिताचा बेत होता. इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूरहून येणाऱ्या झेरॉक्सच्या कागदावर सरकारनं नुकतंच अँटी डम्पिंग शुल्क लावलं होतं. मेहुणे खुशीत होते. "बाहेरचा माल असा पडत्या भावात येऊन आदळला, तर इथल्या गिरण्यांनी काय करायचं?"

बाइंडर म्हणाला, "भाऊजी, गिरण्या जगल्याच पाहिजेत. पण माझी रीम महागली, तर कॉलेजातली पोरं रुपयाच्या झेरॉक्सचा सव्वा रुपया देतील का?"

मी वाढता वाढता म्हणालो, "अरे, मग सव्वा करून टाक! एवढं काय त्यात?"

त्यानं ताट बाजूला सारलं. "तुझं बरं आहे. तुझ्या पगाराचा भाव कोणी विचारत नाही." तो उठून गेला. त्यानंतर तीन-चार वर्षं आमचं बोलणं रस्त्यातल्या रामरामापुरतंच उरलं.

ते वाक्य मला लागलं. वेळ मिळाला तसा या शुल्काच्या मुळाशी जायचं ठरवलं. नुसतं स्वस्त विकणं हा गुन्हा नाही. परदेशी कंपनी आपल्या घरच्या बाजारात ज्या भावानं विकते, त्याहून कमी भावानं इथे माल पाठवत असेल तर ते डम्पिंग. तेवढ्यानंही भागत नाही. इथल्या उद्योगाचं नुकसान झालंय आणि ते त्याच मालामुळे झालंय, हेही सिद्ध व्हावं लागतं. आपल्याकडे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय ही चौकशी करून शिफारस करतं, अर्थ मंत्रालय शुल्क लावतं. तेही नुकसान भरून निघेल त्याहून जास्त लावायचं नाही, असा आपला नियम आहे.

या नियमांतली एक गोष्ट मला बँकवाला म्हणून फार पटली. उद्योगाला दुसऱ्या कारणांनी झालेलं नुकसान आयात मालाच्या खात्यावर टाकायचं नाही! आजारी कारखान्याचा प्रस्ताव तपासताना आम्ही हेच करत असू. मंदी किती, व्यवस्थापन किती, कर्ज किती. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनीच २०२० च्या जानेवारीत कर्जापायी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मेहुण्यांना मी हे समजावू लागलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कारणं तुम्ही मोजा. गाव आमचं होतं."

आणि बाइंडर? तक्रार ऐकून घ्यायची तर तक्रारदारांकडे देशातल्या उत्पादनाचा निदान चौथा हिस्सा असावा लागतो. हे एकट्यादुकट्या छोट्या माणसाचं काम नव्हे. माल वापरणाऱ्यालाही म्हणणं मांडायची मुभा आहे, पण त्यासाठी आकडे लागतात, जाडजूड प्रश्नावल्या भराव्या लागतात. महालातल्या बाइंडरचा ताळेबंद दुकानातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला असतो. तो तिथे काय सादर करणार?

मग पारडं फिरलं.

२०२३ च्या पावसाळ्यात बाइंडर अचानक घरी आला. तीनेक वर्षांपासून तो एका ठेकेदारासाठी फाइल फोल्डर बनवत होता, माल अमेरिकेला जायचा. ते काम एकाएकी थांबलं होतं. "कसली तरी चौकशी लागलीय म्हणतात. तू वाचतोस ना हे सगळं?"

चौकशी खरीच होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फोल्डर बनवणाऱ्या कंपन्यांनी चीन, भारत आणि व्हिएतनामच्या मालाविरुद्ध अर्ज केला होता. तिथे वाणिज्य खातं भाव आणि सवलती तपासतं, नुकसान झालं की नाही हे वेगळा आयोग ठरवतो. हिशेब मांडावे लागलेल्या भारतीय निर्यातदारांत नवनीतचंही नाव होतं. तेच नवनीत, ज्याच्या गाइडांवर आपली मुलं दहावी पास झाली! त्या व्याख्येत केवळ घडी घातलेला पुठ्ठाच नाही, तर घडीसाठी नुसती रेघ पाडलेला पुठ्ठाही येतो. बाइंडर हसला. "म्हणजे माझं रेघ पाडायचं यंत्रसुद्धा आरोपी!" २०२३ सरता सरता शुल्क कायम झालं.

यापूर्वी २००६ मध्ये असंच शुल्क आपल्या रेघांच्या वह्यांवर लागलं होतं. त्या वेळची कागदपत्रं चाळताना मी एका ओळीपाशी थबकलो. अमेरिकेनं ज्या सरकारी सवलतींवर बोट ठेवलं, त्यांत निर्यातदारांना मिळणारं सवलतीच्या व्याजाचं कर्जही होतं. आमच्या भाषेत पॅकिंग क्रेडिट! अशी कितीतरी कर्जं मी मंजूर केली होती. वहीवाल्यांची नसतील, पण योजना तीच. 'परकीय चलन मिळवणाऱ्या लघुउद्योगास साहाय्य' असं टिपणीत लिहून मी समाधानानं सही करायचो. इथलं साहाय्य समुद्र ओलांडलं की तिथल्या कामगारावरचा अन्याय ठरतं, हे तेव्हा कुठे सुचलं होतं?

मी बाइंडरला हेही सांगितलं, की त्या अर्जदारांत स्मीड नावाची कंपनी आहे. मिनेसोटा राज्यातल्या हेस्टिंग्ज गावातली, १९०६ पासूनची. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांचं बल्लारपूरच की ते. तिथेही कोणी भाऊजी असतीलच."

पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या कंपन्यांनी कंबोडिया आणि श्रीलंकेच्या फोल्डरांविरुद्धही अर्ज केला. एका देशाची वाट अडवली की माल दुसऱ्या देशातून वाट काढतो. पाण्यासारखंच ते. बांध किती ठिकाणी घालणार?

मग शुल्क नकोच का? तसं मी म्हणणार नाही. पडत्या भावाच्या मालानं एकदा गिरणी बंद पडली, की तो माल पडत्याच भावात मिळत राहील याची हमी कोण देतो? पण नुकसान मोजताना ज्याच्याकडे सनदी लेखापाल आहे त्याचंच मोजलं जातं, ही खोट मला डाचते. निदान लहान वापरणाऱ्याचं म्हणणं दोन पानांच्या साध्या अर्जावर, त्याच्या भाषेत घ्यावं. हेस्टिंग्जमध्येही आणि महालातही.

यंदा थंडीत पुन्हा भरिताचा बेत केला. मेहुणे आले, बाइंडरही आला. येताना पिशवीतून त्यानं पंचवीस फोल्डर आणले, परदेशी मापाचे, परत आलेले. "तुझ्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखिताला घे." मी पैसे विचारले. तो मेहुण्यांकडे बघून म्हणाला, "भाऊजी, तुम्हीच सांगा, किती घेऊ? कमी घेतले तर डम्पिंग होईल."

मेहुण्यांनी एक फोल्डर उचलला, सवयीनं पुठ्ठ्याची कड अंगठ्यानं घासून पाहिली आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पुरते घे."