पंखा कोठे ठेवाल?

पावसाळ्यात घरातल्या दोरीवर घातलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पंखा लावला, की तेच कपडे काही तासांत सुकतात. पंखा बाहेरून कोरडी हवा आणत नाही; तो खोलीतलीच दमट हवा फिरवतो. मग कपडे वाळतात कसे? ओल्या कापडालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा एक पातळ थर चिकटून बसलेला असतो. पंखा तो थर विस्कटतो आणि कापडातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते.

झाडाचे पान म्हणजे असेच एक ओले कापड समजा. त्याच्याभोवतीही स्थिर हवेची एक गोधडी असते. शास्त्रज्ञ तिला सीमास्तर म्हणतात. पानातली वाफ या गोधडीतूनच बाहेर जाते आणि कार्बन डाय-ऑक्साइडही तिच्यातूनच आत येतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर असेल, तर १० सेंटिमीटर लांबीच्या पानावर ही गोधडी सरासरी ४ मिलिमीटर जाड असते. वेग चौपट केला, की जाडी निम्मी, म्हणजे २ मिलिमीटर होते. आणखी चौपट केला, तर १ मिलिमीटर. यातली गंमत ध्यानात आली का? बरेचसे काम मंद झुळूकच करून जाते. सोसाट्याच्या वाऱ्याने त्या मानाने फारसा जास्त फायदा होत नाही.

उघड्या शेतात हे काम वारा फुकट करतो. पण हल्ली घरातल्या घरात कापडी तंबूतही रोपे वाढवतात. धातूच्या दांड्यांचा सांगाडा, आतून चकचकीत कापड, वर एल.ई.डी. दिवे आणि चारी बाजू बंद. समजा, असा तंबू १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. त्यात २ घनमीटर हवा मावते. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डाय-ऑक्साइड जेमतेम ४ भाग असतो. तेव्हा तंबूतल्या या वायूचे वजन भरते सुमारे दीड ग्रॅम. आणि चांगल्या प्रकाशात १ चौरस मीटर पाने तासाभरात साधारण तेवढा वायू खाऊ शकतात! वायू कमी होत जातो तशी पानांची खाण्याची गतीही मंदावते, म्हणून तो अगदी संपत नाही. पण रोपे अर्धपोटी राहतात.

तेव्हा तंबूत पंख्यांना दोन वेगळी कामे असतात : हवा बदलणे आणि हवा ढवळणे. एका पंख्याने दोन्ही कामे भागतील असे समजणे, हीच पुष्कळांची चूक होते.

हवा बदलण्यासाठी एक्झॉस्ट पंखा तंबूच्या माथ्याजवळ लावावा. दिव्यांनी तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. शिवाय पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवाही वरच जमते. ताजी हवा आत येण्याची भोके मात्र तळाशी आणि पंख्याच्या समोरच्या बाजूला हवीत. म्हणजे हवा तिरकी, सगळ्या रोपांमधून जाते. भोक पंख्याच्या शेजारीच ठेवले, तर आलेली हवा तशीच बाहेर पळते आणि रोपे कोरडीच्या कोरडी! पंखा नीट ओढतो आहे की नाही, हे तंबूच पाहून कळते : त्याच्या कापडी भिंती किंचित आत ओढल्या जातात.

हवा ढवळणारा छोटा पंखा कोठे ठेवाल? रोपांच्या तोंडावर नक्कीच नको. सतत एकाच पानावर झोत आला, तर मुळांनी पुरवलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडून जाते, पर्णरंध्रे मिटतात आणि पानांच्या कडा करपतात. झोत शेंड्यांच्या थोडा वरून जावा, किंवा भिंतीवर आपटून परतावा. पाने थरथरावीत, फडफडू नयेत. झुडपे दाट असतील, तर दुसरा पंखा खाली ठेवून पानांच्या बुडाशीही हवा खेळती ठेवावी, कारण बुरशी तेथेच घर करते. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार वेलींची पाने विरळ करतात, त्यामागेही एक हेतू हाच असतो.

लेट्यूसची गोष्ट जरा निराळी आहे. त्याची आतली कोवळी पाने मिटलेली असतात. त्यांतून बाष्पोत्सर्जन होत नाही, म्हणून पाण्याबरोबर येणारे कॅल्शियमही पोहोचत नाही आणि पानांची टोके जळतात. तेथे पंखा डोक्यावर टांगून हवा हळुवार खाली सोडावी लागते.

वाऱ्याने हलणारे खोड आखूड पण जाड होते, हाही एक लाभ. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मॉर्डेकाय जाफी यांनी १९७३ मध्ये स्पर्शाने वाढीत होणाऱ्या अशा बदलांना ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असे भारदस्त नाव दिले.

पंख्याची खरी परीक्षा मात्र अंतराळात झाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वस्तूंना वजन जाणवत नाही, म्हणून गरम हवा वर चढत नाही. पंखा नसेल, तर पानाभोवतीची हवा जागची हलणारच नाही. २०१५ च्या डिसेंबरात तेथील ‘व्हेजी’ नावाच्या बंदिस्त वाफ्यात झिनियाची रोपे वाढत होती. पंखा मंद होता. आर्द्रता वाढली, पानांवर पाणी साचले आणि बुरशी आली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी रोगट भाग कापून टाकले आणि पंख्याचा वेग वाढवला. बुरशी हटली, पण आता रोपे सुकू लागली! तेव्हा ठरलेले वेळापत्रक बाजूला ठेवून, रोपांकडे पाहून पाणी देण्याची मुभा केली यांना मिळाली. जानेवारी २०१६ मध्ये झिनियाचे केशरी फूल उमलले.

तुमच्या शाळेत मोठ्या खोक्याला प्लॅस्टिकची खिडकी लावून असा तंबू करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली तळाच्या भोकाजवळ पेटती उदबत्ती धरा. खोके आणि प्लॅस्टिक यांपासून ती दूर राहू द्या. धूर कोणत्या वाटेने जातो ते पाहा. ज्या कोपऱ्यात तो रेंगाळेल, तेथे हवा मेलेली आहे असे समजा आणि छोट्या पंख्याचे तोंड थोडे वळवा.

आणि दिवे मालवले तरी पंखा बंद करू नका. रात्री पाने कार्बन डाय-ऑक्साइड खात नाहीत हे खरे, पण तंबू थंड होतो, तीच वाफ आता हवेत मावत नाही आणि पानांवर दव धरते. बुरशीच्या बीजाणूला रुजायला तेवढा ओलावा पुरतो.