पहिले विमान कोणते घ्यावे?

श्रोतेहो, कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसांनी रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण प्रश्न आमच्या ओळखीचाच आहे : नवशिक्याच्या हाती पहिले हत्यार कोणते द्यावे?

आमच्या वाशीम जिल्ह्यातील जिनिंगमधल्या एका तरुणाने महिन्याचा पगार घालून लढाऊ विमानाची प्रतिकृती आणली. सोयाबीन काढलेल्या शेतात ती अर्ध्या मिनिटात मातीत रुतली. ‘माझे हातच वाईट,’ असे तो म्हणू लागला. हात वाईट नव्हते. निवड चुकली होती.

लढाऊ विमानाचे पंख लहान व वजन अधिक, म्हणून ते वेगातच तरते. वेग मंदावला की कोसळते. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसविलेले व टोकांकडे किंचित उचललेले असतात. ते कलंडून घसरू लागले की खालच्या पंखाला अधिक उचल मिळते. अशा वेळी चालकाने हात सैल सोडला, तर पुरेशी उंची असल्यास ते बहुधा आपणच सावरते. वजनाच्या मानाने पंख मोठे असल्याने ते सावकाश उडते व विचाराला सवड देते. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. नवशिका चुकतो तो येथेच.

तेव्हा सव्वा ते दीड मीटर पंखांचे, फोमचे विमान घ्यावे. बाल्सा लाकूड देखणे खरे, पण तुटले की दुरुस्तीला हात कसलेला लागतो. फोम गोंदाने जुळतो. इंजिनाचा वेग, शेपटीची उंची व सुकाणू, एवढ्या तीनच हालचालींनी आरंभ पुरतो. सुटे भाग मिळतात काय, हे आधी विचारावे. बॅटरी व चार्जर यांचा खर्च त्यातच धरावा. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून चार्ज होत असता ती सोडून जाऊ नये.

जागाही तितकीच महत्त्वाची. सोयाबीन निघाल्यावरचे मोकळे रान उत्तम. मात्र मालकाची परवानगी घ्यावी आणि विजेच्या तारा, रस्ता, गुरे व माणसे यांपासून दूर राहावे. सकाळची शांत हवा साधावी. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी वावटळी उठतात. तेव्हा विमान घरीच बरे. २०२१ च्या ड्रोन नियमांत हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आहेत. उडविण्यापूर्वी सरकारी नकाशात आपली जागा पाहावी.

नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सर्वांत वेगवान यंत्रावर उभे करून बोटे कापली गेली, तर दोष त्याच्या माथी मारतात. आम्ही तो न्याय कधी मानला नाही. चूक पोटात घालील, तेच पहिले यंत्र. त्या तरुणाने पुढे उंच पंखांचे विमान घेतले, ते अनेकदा पडले, अनेकदा चिकटविले. आता त्याच्या हाताला आपला दोष कोणता व यंत्राचा कोणता हे ओळखता येते. हेच खरे शिक्षण.