हस्तलिखित-संशोधकानें स्थापिलेला स्त्रियांचा नौका-क्लब

लंडनच्या पश्चिम भागांत थेम्स नदीच्या कांठीं हॅमरस्मिथ येथें 'फर्निव्हल स्कलिंग क्लब' नांवाची नौका वल्हविणारांची संस्था आजहि चालू आहे. ती १८९६ सालीं स्थापन झाली तेव्हां तींत प्रवेश फक्त स्त्रियांस होता. पुरुषांस १९०१ पासून घेऊं लागले. क्रीडेचा हा विषय संशोधनाच्या त्रैमासिकांत कशास, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु संस्थापक डॉ. फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल (१८२५–१९१०) हे जुन्या इंग्रजी हस्तलिखितांस छापखान्याची वाट दाखविणारे त्या काळचे अग्रेसर गृहस्थ होते, आणि पोथ्या व नौका या दोन्हींविषयीं त्यांची बुद्धि एकच होती असें आम्हांस वाटतें.

प्रथम पोथ्यांविषयीं. १८६४ सालीं त्यांनीं 'अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी' स्थापिली. वर्गणीदारांच्या पैशावर जुने ग्रंथ मुळाबरहुकूम छापावे, हा तिचा हेतु. १८६८ सालीं चॉसर सोसायटी निघाली. तिच्यामार्फत त्यांनीं 'कँटरबरी टेल्स'च्या सहा पोथ्यांचे पाठ शेजारीं शेजारीं रकान्यांत छापले, म्हणजे संपादकाच्या निवडीवर विसंबून न राहतां वाचकास स्वतःच ताडून पाहतां यावें. पर्सीच्या बाडाची कथा तर दप्तरांच्या शोधांत हिंडणारांस ओळखीची वाटेल. अठराव्या शतकांत टॉमस पर्सी यांस तें एका स्नेह्याच्या घरीं सांपडलें, तेव्हां मोलकरणी त्याचीं पानें चूल पेटविण्यास घेत होत्या! पर्सीनीं त्यांतील पोवाडे आपल्या मनाप्रमाणें सुधारून १७६५ सालीं छापले, व मूळ बाड कुटुंबाच्या कुलपांत राहिलें. फर्निव्हल व हेल्स यांनीं तें जसेंच्या तसें १८६७–६८ त प्रसिद्ध केलें. मालकांचें मन वळविण्यास फर्निव्हल यांस पुष्कळ खटपट पडली व द्रव्यहि मोजावें लागलें.

आतां नौकांकडे वळूं. केंब्रिजला शिकत असल्यापासून फर्निव्हल यांस वल्हविण्याचा नाद होता. १८४५ सालीं त्यांनीं एका नावाड्याच्या साह्यानें अरुंद, हलक्या बांधणीची शर्यतीची नौका तयार करविली. स्कलिंग म्हणजे प्रत्येकानें दोन्ही हातांत एकेक वल्हें धरून नाव हांकणें. दोन्ही हातांनीं एकच वल्हें ओढण्याहून हा प्रकार निराळा. त्यांचा सारा कटाक्ष यावर होता. पण शर्यतींचें जग सोंवळें होतें. १८८२ सालीं निघालेल्या 'अॅमॅच्युअर रोइंग असोसिएशन'नें कारागीर, मजूर, व हातकामावर पोट भरणारे लोक यांस 'हौशी' मानण्याचेंच नाकारलें. फर्निव्हल हे १८५४ सालच्या वर्किंग मेन्स कॉलेजांत कामकऱ्यांस शिकविणारे. त्यांस हें रुचलें नाहीं, आणि १८९० सालीं निघालेल्या प्रतिस्पर्धी संघाचे ते पुरस्कर्ते झाले.

कामकऱ्यांसच जेथें मज्जाव, तेथें कामकरी स्त्रियांची वाट कोण पाहणार? ब्रिटिश म्यूझियमजवळ न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एरेटेड ब्रेड कंपनीचें चहाचें दुकान होतें. फर्निव्हल तेथें रोज बैठक मारीत. पंडितांच्या भेटी तेथेंच होत. त्या दुकानांत राबणाऱ्या मुलींस मोकळी हवा मिळावी म्हणून ते त्यांस रविवारीं नदीवर नेऊं लागले, व त्यांतूनच मुलींचा क्लब उभा राहिला. रविवारीं खेळणें धर्मनिष्ठांस खपत नसे. फर्निव्हल यांस त्याची पर्वा नव्हती. पुढें पुरुषांस घेतलें तेव्हांहि क्लबाच्या नांवांत मुली आधीं व पुरुष मागाहून असा क्रम राहिला, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

हा जगांतील स्त्रियांचा पहिला नौका-क्लब, असें कित्येक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें टिकत नाहीं. अमेरिकेंत वेल्स्ली कॉलेजांत १८७५ पासून विद्यार्थिनी वल्हवीत होत्या. सॅन डिएगो येथील 'झेड-एल-ए-सी' क्लब चार मुलींनीं १८९२ सालीं काढला, आणि त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव पडलें. तेव्हां अग्रपूजेचा मान हॅमरस्मिथकडे जात नाहीं. त्याचें वैशिष्ट्य दुसरें आहे: मजुरीवर राबणाऱ्या मुलींस त्यानें नावेंत बसविलें, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

फर्निव्हल निर्दोष नव्हते. त्यांचीं संपादनें घाईचीं, वाद कडवट. स्विन्बर्नशीं झालेलें भांडण तर शिवीगाळीपर्यंत गेलें. पत्नीपासून ते १८८३ त विभक्त झाले, आणि तरुण स्त्रियांच्या सहवासाची त्यांची आवड हा चेष्टेचा विषय होता. ती चेष्टा सर्वस्वीं निराधार होती असें म्हणवत नाहीं. तथापि १९११ सालीं निघालेल्या स्मृतिग्रंथांत मित्रांनीं व शिष्यांनीं जें लिहिलें आहे, त्यांत त्यांच्या उदारपणाची साक्ष भरपूर मिळते. ऐंशी वर्षें उलटल्यावरहि ते रविवारीं क्लबाच्या मंडळींसह रिचमंडकडे वल्हवीत जात. २ जुलै १९१० रोजीं ते वारले.

ज्या दोन संघांमध्यें कामकऱ्यांवरून फूट होती, ते १९५६ सालीं एक झाले. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या नौकाशर्यतींस १९७६ सालीं माँट्रिऑल येथें प्रारंभ झाला. हॅमरस्मिथला क्लबाजवळच नदीकांठीं १९५१ पासून फर्निव्हल यांच्या नांवाचा बगीचा आहे.