एका घरच्या तीन बाटल्या

पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावतात, हे तुम्हांला आजीने सांगितले असेल. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले, की ते कळकते. आंबटपणामुळे भांड्यातला धातू थोडाथोडा ताकात उतरतो. असेच एका अख्ख्या शहराच्या नळांत झाले तर?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये, खर्च वाचावा म्हणून, डेट्रॉइटहून येणारे पाणी तेथे बंद करण्यात आले आणि जवळच्या फ्लिंट नदीचे पाणी शुद्ध करून नळांत सोडण्यात आले. डेट्रॉइटच्या पाण्यात थोडे फॉस्फेट मिसळत असत. त्यामुळे नळांच्या आतून न विरघळणारा पातळ थर बसतो. नळाची कल्हईच म्हणा ना! नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि फॉस्फेट तर कोणी मिसळलेच नाही. जुना थर सुटू लागला. कित्येक घरांच्या जोडनळ्या शिशाच्या होत्या. ते शिसे पाण्यात उतरले. त्याला ना रंग, ना वास. पण लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते कायमची इजा करते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणे थांबवले, कारण यंत्राचे भाग गंजू लागले होते. तरी माणसांनी ते प्यायला हरकत नाही, असेच अधिकारी सांगत राहिले! तेव्हा ली-अ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांना गाठले.

एडवर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये बाटल्यांचे ३०० संच तयार केले. भारतातून संशोधनासाठी गेलेला सिद्धार्थ रॉय हाही त्यांच्यात होता. संच घरोघर पोहोचवणे, नमुने भरणे आणि ते गोळा करणे हे काम गावकऱ्यांनी अंगावर घेतले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या. किमान सहा तास नळ बंद ठेवायचा आणि मग तो सोडताच पहिली, एक लिटरची, बाटली भरायची. पाणी ४५ सेकंद वाहू दिल्यावर दुसरी आणि दोन मिनिटांनी तिसरी. तीन कशाला? जरा विचार करा. पहिल्या बाटलीत रात्रभर तोटीत आणि घरातल्या नळांत साचलेले पाणी येते. दुसरीत ढोबळमानाने रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडनळीचे आणि तिसरीत मुख्य नळाचे. म्हणजे शिसे आहे की नाही एवढेच नव्हे, तर ते कुठून येते याचाही माग लागतो. सरकारी तपासणीत मात्र आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवा, अशी सूचना होती. आधी धुऊन काढायचे आणि मग मळ शोधायचा!

आता थोडे गणित. अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे सर्व नमुने चढत्या क्रमाने मांडत आणि शंभरातला नव्वदावा आकडा पाहत. तो १०० कोटी भागांत १५ भागांच्या, म्हणजे लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या, वर गेला तर उपाय करावेच लागत. सरकारकडे ७१ नमुने होते. त्यांतले दोन काही कारणे दाखवून वगळले, तसा हा आकडा १५ च्या वरून खाली आला. वगळलेल्यांपैकी एक वॉल्टर्स यांच्या घरचा होता. विद्यार्थ्यांच्या अडीचशेहून अधिक नमुन्यांत नव्वदावा आकडा २५ च्याही वर निघाला.

शिवाय त्यांनी प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला. शिशाच्या डाकाने जोडलेले तांब्याच्या नळीचे तुकडे काचेच्या बरण्यांत ठेवले. काहींत फ्लिंटचे पाणी, काहींत डेट्रॉइटचे. फ्लिंटच्या पाण्याने डाकातले शिसे सुमारे १९ पट अधिक खाल्ले. सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे आकडे मांडले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले.

पण उडालेली कल्हई एका दिवसात परत बसत नाही. म्हणून मार्च २०१६ मध्ये त्याच घरांतून पुन्हा बाटल्या भरल्या गेल्या. आकडा अजून १५ च्या वरच होता. जुलैमध्ये आणखी एक फेरी झाली, तेव्हा तो १५ च्या खाली उतरलेला दिसला.