एकवीस लाख ठिपके

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. दूरदर्शनने त्या उच्च स्पष्टतेच्या चित्रांत दाखविल्या. जपानने या विद्येचे संशोधन १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतरच हाती घेतले होते.

ही स्पष्टता येते कोठून? पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांचे विणकाम होय. जुन्या चित्रात ५७६ आडव्या रेषा असत. नव्यात १०८०, आणि प्रत्येक रेषेत १९२० ठिपके. म्हणजे सुमारे एकवीस लाख, जुन्याच्या पाचपट! सेकंदाला पंचवीस चित्रे, मग एवढा भार वाहून न्यावयाचा कसा? युक्ती अशी की, संपूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवावयाचे. एरवी जेवढे बदलले तेवढेच. मैदान तेच राहते, धावणारा तेवढा पुढे सरकतो.

परंतु सूत कितीही बारीक असो, कापड कोणाच्या अंगावर जाते, हे आम्ही कामगार चळवळीतील माणसे आधी विचारतो. येथेही तोच प्रश्न आहे. या एकवीस लाखांतले किती ठिपके सातपुड्यातील मजुराच्या चेहऱ्याच्या वाट्याला येतात? तो हिशेब आपणच मागितला पाहिजे.